सेकुंदुस कोण?

कास्तेलवारा गावच्या रोमन कमानीखालून जो पदवी मिळण्याआधी जाईल, त्याला पदवी कधीच मिळत नाही. विद्यापीठात ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. ग्रंथालय कुठे आहे ते कळायला तिसरं वर्ष उजाडतं. प्राचीन इतिहासाची मुलं ती, फुटक्या खापराकडेही जन्मदाखला मागणारी. पण या गोष्टीला पुरावा मागावा असं कधी कुणाला वाटलं नाही. खरं म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी कमानीच्या आतला चुना गळायचा, म्हणून नगरपालिकेनं 'आत जाऊ नये' अशी पाटी ठोकली होती. पुढे पाटी चोरीला गेली, चुना गळायचा थांबला आणि भीती तेवढी मागे राहिली.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात प्रोफेसर ताराबूसी नऊ विद्यार्थ्यांना बसमध्ये घालून तिथे घेऊन आले, तेव्हा निवेस मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती, उजळणी करत होती. एकतीस वर्षांच्या या मुलीला विद्यापीठात अकरा वर्षं झाली होती. तिच्याबरोबर आत आलेली माणसं केव्हाच बाहेर पडून विमा विकत होती, नाहीतर समुद्रकाठी हॉटेलं चालवत होती. तिची एकच परीक्षा उरली होती, रोमन शिलालेखांची. ती आज तोंडी, कमानीच्या समोरच होणार होती. सरांच्या नोकरीतली ही शेवटची परीक्षा. महिन्याभरात ते निवृत्त होणार, त्यांच्या जागी तोरिनोच्या कुणी बाई येणार, त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, पुस्तकं वेगळी. म्हणजे आज नाही जमलं तर पुन्हा श्रीगणेशा.

घरी आई शिवणकाम करायची. मुलीच्या पदवीला वाटायचे लाल साखरेचे बदाम तिनं आजवर दोनदा आणून ठेवले होते. पहिली खेप घरच्यांनीच चार वर्षं कॉफीबरोबर संपवली. दुसरी कपाटात होती, आणि आई हल्ली कपाट उघडलं की काही बोलायची नाही. बोलली असती तर निवेसला बरं वाटलं असतं.

निवेस मठ्ठ होती म्हणून अडली नव्हती. उलट पुसट झालेला दगड तिच्याइतका कुणाला वाचता येत नसे. तिचं घोडं अडलं होतं ते सेकुंदुसपाशी.

हा सेकुंदुस म्हणजे कमानीच्या आतल्या डाव्या भिंतीवरचं नाव. 'सेकुंदुसने हा रस्ता स्वखर्चाने दुरुस्त केला' असा तिथे लेख आहे, असं ताराबूसी सरांनी तीस वर्षांपूर्वी साठ पानांचा निबंध लिहून जगाला सांगितलं. सरांनी आयुष्यात लावलेला शोध हा एवढाच, पण गावानं तो डोक्यावर घेतला. गावची शाळा सेकुंदुस, औषधाचं दुकान सेकुंदुस, दारू पिऊन गोट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा संघही सेकुंदुस. एक जर्मन पंडित मुद्दाम लेख बघायला आला होता, पण त्या वर्षी आत परांची बांधलेली होती. मग तो सरांचंच पुस्तक उतरवून घेऊन परत गेला, आणि त्यामुळे सेकुंदुस जर्मनीतही पक्का झाला. विद्यार्थ्यांचं तर काय, पदवीआधी आत जायचं नाही आणि पदवीनंतर दगड वाचायला परत येतो कोण? जुन्या मुलांच्या वह्यांच्या झेरॉक्स, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स, आणि सगळ्यांत सेकुंदुस.

निवेसनं पहिल्या खेपेला भर परीक्षेत विचारलं होतं, "सर, पदरचे पैसे घालून रस्ता करणारा माणूस नुसतं एकच नाव कशाला लिहील? बापाचं नाही, कुळाचं नाही. आमच्या गल्लीतला खाटीकसुद्धा पाटीवर तीन नावं लिहितो."

"खाटकाला प्रसिद्धी हवी असते," सर म्हणाले होते. "सेकुंदुस विनम्र होता." आणि तीसपैकी बावीस दिले.

आपल्याकडे इटलीत विद्यार्थ्याला मिळालेले गुण नाकारायचा हक्क आहे. निवेसनं ते नाकारले, म्हणजे परीक्षा पुन्हा. दुसऱ्या खेपेला तिनं तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तेवीस मिळाले, तेही नाकारले. याला बाणेदारपणा म्हणा नाहीतर माज. तिची आई माज म्हणायची. आज मात्र तिनं बसमध्ये बसतानाच स्वतःला बजावलं होतं की प्रश्न विचारायचा नाही, सेकुंदुस म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

बस थांबली. कमानीपुढे गवताची हिरवीगार जागा होती, आणि त्यात बरोब्बर एका ठिकाणी, कमानीपासून दहा पावलांवर, तव्याएवढा तुकडा उजाड होता. सर तिथे जाऊन उभे राहिले. तीस वर्षं ते तिथेच उभे राहून बोलायचे, त्यामुळे तिथलं गवत उगवायचंच थांबलं होतं. त्यांनी दोन तास व्याख्यान दिलं. डाव्या भिंतीकडे काठी रोखून त्यांनी सेकुंदुसची अक्षरं, त्याचा काळ, त्याचा स्वभाव, सगळं सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला त्या भिंतीवर फक्त अंधार दिसत होता.

मग घडीचं टेबल मांडलं. सरांनी परीक्षेचा अधिकृत तक्ता काढला, नऊ नावांचा, विद्यापीठाचा शिक्का असलेला, गुलाबी. यावर गुण लिहून सही झाली की ती काळ्या दगडावरची रेघ. आणि तेवढ्यात वारा आला. तक्ता टेबलावरून उठला, दोन गिरक्या घेतल्या आणि सरळ कमानीत शिरला.

कुणी आत गेलं नाही. नऊ जण कमानीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि आतल्या गुलाबी कागदाकडे बघू लागले.

"सेकोंदोला बोलवा," कुणीतरी म्हणालं. सेकोंदो म्हणजे तिथला रखवालदार. तो गेटवरच्या खोलीत सरांची कॉफी करायला गेला होता आणि त्याचा गुडघा असा की यायला दहा मिनिटं लागणार.

"तोवर उडून पलीकडच्या ओढ्यात जाईल ना तो."

"मग जा की तू."

"मी? माझ्या चार परीक्षा राहिल्यात."

निवेसनं सरांकडे पाहिलं. तिला वाटलं, हा माणूस तर जाईल. सरांनी एक पाऊल पुढे टाकलंही. मग ते मागे घेतलं आणि चष्मा पुसायला लागले.

"सरांची बढती राहिलीय," रुज्जेरो तिच्या कानाशी कुजबुजला. बावीस वर्षांचा हा पोरगा वर्गात सगळ्यांत हुशार होता, म्हणजे झेरॉक्स सगळ्यांत स्वच्छ याच्याकडे असायची. "सहप्रोफेसरच आहेत अजून. दर वेळी नाव वर जातं, दर वेळी खाली येतं. तुला नव्हतं माहीत?"

"म्हणजे सर कधी आत गेलेच नाहीत?"

"ते मी कुठे म्हणालो?" रुज्जेरो हसला. "बाय द वे, तू का नाही जात, निवेस? तुझी पदवी अशीही होत नाहीये, तशीही होत नाहीये."

बाकीचेही हसले. वाईट मनाचे नव्हते, वयानं लहान होते. निवेसला मात्र झोंबलं. अकरा वर्षं तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं, आता कालच्या पोरांचंही. ती सरळ आत शिरली.

आत गार होतं आणि कबुतरांचा वास येत होता. तिनं कागद उचलला. तिला वाटलं, झालं ते झालं, आता आत आलोच आहोत तर बघून घ्यावं. डाव्या भिंतीशी ती गेली. डोळे सरावल्यावर अक्षरं दिसायला लागली, हात पोचेल अशा उंचीवर, ठसठशीत. शेवटचं वाक्य होतं, सर म्हणायचे तसंच. हा रस्ता, स्वखर्चाने, दुरुस्त केला. आणि त्याआधी जिथे नाव हवं तिथे काही नव्हतं. पुसट झालेलं नव्हे. छिन्नीनं तासून काढलेलं. तिनं बोटं फिरवली. वीतभर नव्हे, चांगली दीड हात जागा होती, तीन नावं ऐसपैस मावतील एवढी. सम्राटाची मर्जी गेली की रोमन लोक माणसाला तर मारतच, वर त्याचं नावही दगडावरून खरवडून काढत. कुणी मोठा माणूस होता तो. तीन नावांचा. आणि त्याच्या जागेवर तीस वर्षं भलताच कुणी बसला होता.

निवेसला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी उकळ्या फुटल्या. आपण बरोबर होतो. बावीस नव्हे, तेवीस नव्हे, आपण बरोबर होतो.

बाहेर येऊन तिनं सरांच्या हातात कागद दिला. सर तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिले, मग म्हणाले, "पंधरा मिनिटांची सुट्टी घेऊ. मग सुरू करू."

ती तडक गेटवरच्या खोलीत गेली. सेकोंदो कॉफीच्या भांड्यासमोर बसला होता. साठीला आलेला, जाडजूड, सगळ्या विद्यार्थिनींना 'पोरी' म्हणणारा माणूस. त्यानं खिडकीतून सगळं पाहिलेलं दिसलं, कारण भांड्यातली कॉफी उतू जात होती आणि तो खिडकीतूनच बघत होता.

"सेकोंदो, तिथे नाव नाहीये."

"दार लाव, पोरी."

तिनं दार लावलं.

"अडुसष्ट सालची गोष्ट," सेकोंदो म्हणाला. "मी नवा होतो. सर आले, तेव्हा तरणेबांड होते. म्हणाले, अहो रखवालदार, माझी परीक्षा आहे शरद ऋतूत, मोठ्या जागेची, तोवर मी आत येत नाही. तुम्ही आतून एकेक अक्षर सांगा, मी बाहेर उतरवून घेतो. मी पाचवी शिकलेला, पण अक्षरं येतात की वाचता. सांगितली. मधे तासलेलं आलं, म्हणून थांबलो. सर बाहेरून ओरडले, 'कोण? कोण?' आत आवाज घुमतो ना गं. मला वाटलं, विचारतायत आत कोण आहे. मी म्हटलं, 'सेकोंदो!' दुसरं काय म्हणणार?"

निवेस खाली बसली. सेकोंदोचं लॅटिन केलं की सेकुंदुसच होतं.

"त्यांना तुमचं नाव माहीत नव्हतं?"

"तेव्हा मी नुसता रखवालदार होतो. पुढे कळलं त्यांना नाव. भयंकर खूश झाले. दुसऱ्या आवृत्तीत घातलंय बघ, की अठराशे वर्षांपूर्वीचं हे नाव या भागात अजून टिकून आहे, इथल्या रखवालदाराचं नावसुद्धा सेकोंदो आहे. पुरावा म्हणून घातलंय."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला छापून आल्यावर कळलं. साठ पानं होती, पोरी. सही करून दिलं मला पुस्तक. साठ पानांना नाही कोण म्हणणार?" त्यानं कॉफी फडक्यानं पुसायला घेतली. "मला वाटलं, पुढच्या वर्षी मोठी जागा मिळेल, मग येतील आत, बघतील आणि दोन शिव्या देतील. नाही मिळाली जागा. मग म्हटलं, पुढच्या वर्षी. असं करत करत माझाही गुडघा गेला. तू आता सांगणार का त्यांना?"

खरं तर तिला सांगायचं होतं. ते सांगायला तर ती अकरा वर्षं थांबली होती.

तोंडी परीक्षा आपल्याकडे चारचौघांत होते. बाकीचे आठ जण टेबलाभोवती कोंडाळं करून उभे होते. सरांनी यादीचा क्रम सोडून निवेसलाच पहिली बोलावलं.

"आतल्या डाव्या भिंतीवर कुणाचं नाव आहे?"

एका बाजूला दगड होता, दुसऱ्या बाजूला आईचं कपाट. सेकोंदो दहा पावलांवर कॉफीचा ट्रे धरून उभा होता. तरीही ती खरं बोललीच असती. पण सरांनी तिला बोलूच दिलं नाही. ते टेबलावरून पुढे झुकले आणि हळूच, परीक्षक विचारतो तसं मुळीच नाही, परदेशी गेलेल्या भावाबद्दल कुणी विचारावं तसं म्हणाले,

"तू बघून आलीस. कसा आहे तो?"

या माणसाचा निवेसला अकरा वर्षं राग होता, आणि नेमका आता, हातात दगडाएवढा पुरावा असताना, तिला त्याची दया आली. दया आली आणि पदवीही हवी होती. दोन्ही एकाच वेळी असलं की खोटं फार सफाईनं बोलता येतं.

"सेकुंदुस," ती म्हणाली. "छान आहे, सर. पहिला एस खोल कोरलाय, शेपटी जराशी वर उचललेली. कारागिराचा हात चांगला होता. ऊन आलं की अक्षरांत सावली पडते."

"शेपटी वर," सर म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. "मला वाटलंच होतं." आणि त्यांनी तिच्या नावापुढे तीस लिहिले, वर शाबासकीचा शेरा दिला. तीस आणि शाबासकी. गंगेत घोडं न्हालं एकदाचं, असं म्हणून निवेस उठणार, तर सरच तिच्याआधी उठले.

"माझे आता तीस दिवस राहिले," ते सगळ्यांना म्हणाले. "तीस दिवसांत काय बढती येणार? तेव्हा मीही एकदा भेटून येतो त्याला."

निवेसला हाक मारायची होती, पण मारून सांगणार काय? ट्रेवरचा एक कप पडून फुटला. सर काठी टेकत, कमानीच्या तोंडाशी क्षणभर थांबून, आत गेले.

ते बराच वेळ आत होते. कबुतरं बाहेर येऊन बसली. रुज्जेरो म्हणाला, "काय करतायत, गप्पा मारतायत का?" कुणी हसलं नाही.

सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना दगडाची पांढरी भुकटी लागली होती. त्यांनी आधी सेकोंदोकडे पाहिलं. सेकोंदोनं मान खाली घातली.

"तुम्ही अक्षरं चांगली वाचता, सेकोंदो," सर म्हणाले. "किती शिकलात?"

"पाचवी, सर."

"पाचवी," सर म्हणाले, आणि टेबलाशी येऊन बसले. विद्यार्थ्यांकडे बघून त्यांनी सांगितलं, "निवेस म्हणाली तसाच आहे तो." झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही तर साठ पानांची होती. मग त्यांनी गुलाबी तक्ता पुढे ओढला, निवेसच्या नावापुढचे तीस खोडले, शाबासकी खोडली आणि शेजारी अठरा लिहिले. अठरा म्हणजे नुसतं पास. सतरा असते तर नापास.

कोंडाळ्यात कुजबुज झाली. निवेसचा चेहरा कानांपर्यंत तापला. सर तिच्याकडे सरळ बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

"गुण मान्य आहेत का?" त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "नाकारायचा हक्क आहे तुला. तो तुला चांगला माहीत आहे."

बावीस नाकारले होते तिनं, तेवीस नाकारले होते. तेव्हा ती खरं बोलली होती.

"मान्य आहेत, सर."

सरांनी सही केली आणि उठून तिच्याशी हात मिळवला. दगडाची भुकटी तिच्या तळव्याला लागली. ते तिला 'डॉक्टर' म्हणाले, पदवीधराला म्हणतात तसं, पहिल्यांदाच. अकरा वर्षं पदवीवाचून काढताना तिला एवढी लाज वाटली नव्हती.

"पुढचा."

रुज्जेरो खुर्चीत बसला.

"आतल्या डाव्या भिंतीवर कुणाचं नाव आहे?"

"सेकुंदुसचं, सर."

"त्यातला पहिला एस कसा कोरलाय?"

असा प्रश्न कुठल्याच झेरॉक्समध्ये नव्हता. पण रुज्जेरो उगाच वर्गातला हुशार मुलगा नव्हता.

"खोल, सर. शेपटी जराशी वर. कारागिराचा हात चांगला होता. ऊन आलं की सावली पडते."

"उत्तम," सर म्हणाले. "तीस."

निवेसनं तोंड उघडलं. पण तिच्या अठराखालची सही अजून ओली होती.